नादारीच्या अर्जापासून लोक अभिरक्षकापर्यंत

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 हा प्रत्यक्ष अंमलात आला तो 9 नोव्हेंबर 1995 रोजी. आणि त्या घटनेला तीन दशके पूर्ण झाल्याच्या निमित्ताने सिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेत महाराष्ट्रातील विधी सेवेचा इतिहास संगतवार लिहिला जावा, ही अपेक्षा सर्वथैव रास्त आहे. परंतु ज्या संस्थेची जन्मतिथी राजपत्राच्या पानावर सापडते तिची निकडही त्याच दिवशी उत्पन्न झाली असे नसते. आणि विधी सेवेच्या बाबतीत तर, ज्या दिवशी या देशात न्याय मागण्यासाठी मुद्रांक आणि वकील या दोन गोष्टी अपरिहार्य ठरल्या, त्या दिवसापासूनच या संस्थेची उणीव भासू लागली होती, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. म्हणून या लेखाचा प्रारंभ 1995 पासून न करता पेशवाईपर्यंत मागे जाऊन करणे भाग आहे.

पेशवाईत तंट्याचा निवाडा बहुधा पंचायतीपुढे होई. वादी-प्रतिवादी स्वमुखाने आपली हकीकत सांगत, आणि निकालानंतर जिंकणाऱ्याने हरकी व हरणाऱ्याने गुन्हेगारी सरकारात भरावी अशी वहिवाट होती. ही पद्धती निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. जातीच्या उतरंडीत जो तळाशी होता त्याला त्या पंचायतीत कितपत वाव मिळे, हे सर्वांना विदित आहे. तथापि गावच्या कुणब्याला आपले म्हणणे मांडण्यासाठी एका तिसऱ्या, शिकलेल्या, मोबदला घेणाऱ्या माणसाची गरज तेव्हा नव्हती. इंग्रजी अंमलात दिवाणी न्यायालये स्थापन झाली, मुदतीचा कायदा आला, लेखी पुराव्याला निर्णायक मोल प्राप्त झाले, आणि रोख्यावर अंगठा करणारा शेतकरी व तो रोखा न्यायालयात वाचून दाखवणारा सावकार यांच्यातील अंतर एकाएकी वाढले. समन्स बजावले गेल्याची नोंद बेलिफाच्या कागदावर होई. प्रतिवादी हजर नसे. एकतर्फी हुकूमनामा होई. आणि शेतकऱ्याला दाव्याची पहिली वार्ता कळे ती जप्तीचा कारकून दारात उभा राहिल्यावर. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची घरे गाठली तेव्हा त्यांना मुख्यत्वे हवे होते ते रोखे आणि हुकूमनामे. ते हाती लागले तेथे ते जाळून टाकले गेले. या प्रक्षोभाकडे आपण कर्जबाजारीपणाचा उद्रेक म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांना न्यायालयात कधीच कोणी प्रतिनिधी लाभला नाही अशा प्रतिवादींनी एकतर्फी निकालांविरुद्ध केलेला तो उठावही होता.

त्या उठावाच्या चौकशीतून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निर्माण झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. व्याजाचा हिशेब पुन्हा मुळापासून तपासण्याची तरतूद, तडजोड करणारे सलोखेदार आणि गावमुन्सफ यांच्यासाठी तो कायदा स्मरणात राहिला आहे. परंतु त्यातील एका कलमाकडे इतिहासलेखकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. सावकाराच्या बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला योग्य कायदेविषयक साहाय्य मिळवण्याची ऐपत नसेल, अशी न्यायाधीशाची खात्री झाली तर, शेतकऱ्याच्या संमतीने, सरकारी वकिलाला अथवा तयार असलेल्या अन्य योग्य व्यक्तीला त्याच्या वतीने उभे राहण्यास सांगण्याची मुभा त्या कलमाने दिली होती. म्हणजे दोन पक्षांतील बळाचे असमत्व हीच न्यायातील उणीव होय, आणि ती भरून काढणे हे न्यायालयाचेच काम होय, हे तत्त्व या भूमीवर सनदशीर रीतीने मान्य झाले ते 1879 साली. या कायद्याखालील न्यायालयांच्या तपासणीचे काम पुढे महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आले, आणि त्या निमित्ताने त्यांनी तालुक्या-तालुक्यांतून केलेल्या फिरतीचे वर्णन त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत वाचावयास मिळते.

त्याच पुण्यात, त्याच दशकात, सरकारी आश्रयावाचूनही या दिशेने प्रयत्न चालू होते. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारा महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखतो, ते स्वतः वकील होते. आणि लोकांचा पैसा व काळ न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्यात जाऊ नये म्हणून त्यांनी लवाद न्यायालयाची चळवळ उभी केली. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला उभा राहिला तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारची वक्रदृष्टी ओढवून घेणे होते. तरीही काकांनी ते घेतले. ज्याच्या बाजूने उभे राहण्यास कोणी धजत नाही त्याच्यासाठीही वकील असला पाहिजे, हा वकिलीच्या व्यवसायाचा धर्म त्यांनी कृतीने सांगितला. पुढे परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे गोरगरीब पक्षकारांची रीघ लागे, तीही याच परंपरेची होती. मात्र या सर्व उदाहरणांत साहाय्य मिळत होते ते थोर व्यक्तींच्या औदार्याने. ज्याच्या गावी काका नव्हते आणि ज्याच्या चाळीजवळ बाबासाहेब नव्हते, त्याने काय करावे, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

कायद्याच्या पुस्तकात जे उत्तर होते ते नादारीच्या अर्जाचे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 33 अन्वये, दाव्याची फी भरण्याइतकी साधने ज्याच्यापाशी नाहीत, किंवा जेथे फी ठरलेली नसेल तेथे अंगावरचे आवश्यक कपडे आणि दाव्याची वस्तू सोडल्यास शंभर रुपयांचीही मालमत्ता ज्याच्यापाशी नाही, त्याला नादार म्हणून दावा लावता येई. अर्जदाराने जातीने हजर राहून आपल्या दारिद्र्याची तपासणी करवून घ्यावी, सरकारी वकिलाने व प्रतिपक्षाने त्यावर हरकत घ्यावी, आणि हे सारे पार पडल्यावर फी तेवढी माफ व्हावी, तीही दावा जिंकल्यास पुढे वसूल होण्याच्या अटीवर, असा तो मामला होता. वकील द्यावा, असे त्यात कोठेच नव्हते. तो अधिकार न्यायालयास 1976 च्या दुरुस्तीने मिळाला, आणि शंभराचे हजार रुपयेही त्याच वेळी झाले. गरिबाने प्रथम स्वतःचे दारिद्र्य सिद्ध करावे आणि नंतर न्याय मागावा, हा क्रम मात्र आपल्या कचेऱ्यांच्या अंगवळणी इतका पडला की तो आजही पुरता सुटलेला नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत ‘बॉम्बे लीगल एड सोसायटी’ स्थापन झाली, आणि संघटित स्वरूपाच्या विधी साहाय्याचा भारतातील आरंभ म्हणून तिचा उल्लेख केला जातो. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये, बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर असताना, मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. खेर हे स्वतः सॉलिसिटर होते, न्यायालयात दाद मागण्याचा खर्च त्यांना जवळून ठाऊक होता. आणि इंग्लंडने त्याच वर्षी आपला विधी साहाय्य कायदा संमत केला होता. समितीने तालुक्यापासून राज्यापर्यंत साहाय्य समित्यांची रचना सुचवली, आणि गरिबाला वकील देणे ही भूतदया नसून राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे अशी भूमिका घेतली. तो अहवाल दप्तरात गेला. सरकारपाशी पैसा नाही, एवढेच त्याचे कारण. 1958 मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात विधी साहाय्यावर स्वतंत्र प्रकरण लिहून या मुंबईच्या अहवालाची पुन्हा आठवण करून दिली, तरीही द्रव्याभावाची सबब कायमच राहिली. आज तालुका, जिल्हा व राज्य अशी जी उतरंड आपण पाहतो ती 1949 च्या त्या कागदावर बहुतांशी रेखाटलेली होती. ती प्रत्यक्षात येण्यास शेहेचाळीस वर्षे लागली, आणि त्या विलंबाची किंमत ज्यांनी मोजली त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 ने अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. परंतु ज्याच्यापाशी पैसा नाही त्याची पसंती ती काय? 1951 मध्ये तारा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, वकील मागणे हे आरोपीचे काम आहे, त्याला तो मिळवून देण्याचे बंधन दंडाधिकाऱ्यावर नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 304 ने सत्र न्यायालयातील खटल्यापुरता सरकारी खर्चाने वकील देण्याचा नियम केला. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 39-अ समाविष्ट होऊन, आर्थिक वा अन्य दौर्बल्यामुळे कोणी नागरिक न्यायाला वंचित होऊ नये हे राज्याचे धोरणसूत्र ठरले. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती पी. एन. भगवती या दोघांनी या काळात समित्यांच्या अहवालांतून आणि पुढे न्यायनिर्णयांतून जे कार्य केले ते सर्वपरिचित आहे. 1949 च्या मुंबई समितीच्या अध्यक्षांचे पुत्र म्हणजेच हे दुसरे भगवती.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्या पर्वातील दोन प्रकरणे तपशिलाने सांगण्यासारखी आहेत. पहिले होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1978. बनावट पदवी-प्रमाणपत्रांच्या गुन्ह्यात सत्र न्यायालयाने दिलेली नाममात्र शिक्षा उच्च न्यायालयाने वाढवून तीन वर्षांची केली. निकालाची नक्कल येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे रवाना झाली. ती कैद्याच्या हाती पडली की नाही याचा पुरावा कारागृहाच्या दप्तरात सापडेना. आणि सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज आला तो चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, शिक्षा भोगून झाल्यावर. तो अर्ज फेटाळला गेला. परंतु त्या निमित्ताने न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन गोष्टी निश्चित केल्या: निकालाची नक्कल कैद्याला विनामूल्य, वेळेत आणि पोच घेऊन दिली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील करण्यास तो असमर्थ असेल तर तो राज्याने दिला पाहिजे. पोच घेऊन, हे दोन शब्द क्षुल्लक वाटतात. परंतु कारागृहाच्या बराकीत कागद कोठे हरवतो हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या दोन शब्दांत सारा न्यायनिर्णय सामावलेला दिसेल.

दुसरे प्रकरण शीला बारसे यांचे. पत्रकार म्हणून मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांनी पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानण्यात आले. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात जाऊन चौकशी करण्यास सांगण्यात आले. आणि फेब्रुवारी 1983 च्या निर्णयाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा, आणि अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला ताबडतोब कळवणे, हे दंडक घालून दिले. त्या वेळी राज्यात विधी साहाय्य व सल्ला मंडळ अस्तित्वात होते, परंतु कोठडीच्या दारापर्यंत वकील पोहोचावा अशी व्यवस्था त्याच्या हाती नव्हती. अटक होताच समितीला कळवण्याचा तो शेवटचा दंडक चार दशकांनंतरही प्रत्येक पोलीस ठाण्यात पाळला जातो, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

1987 चा अधिनियम संमत होऊनही अंमलात येण्यास आठ वर्षे लागली. त्याने मुख्य न्यायमूर्तींच्या आश्रयाखाली राज्य प्राधिकरण, उच्च न्यायालयाची स्वतंत्र समिती, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आणि त्याखाली तालुका समित्या अशी रचना केली. त्या अधिनियमाचे मर्म कलम 12 मध्ये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, दिव्यांग, औद्योगिक कामगार, अटकेत वा कोठडीत असलेले, आणि भूकंप, पूर, दुष्काळ वा जातीय अत्याचार यांसारख्या आपत्तींनी गांजलेले, या सर्वांना उत्पन्नाचा विचार न करता विधी सेवेचा अधिकार आहे. उत्पन्नाची मर्यादा, जी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपये आहे, ती उरलेल्यांसाठी. नादारीच्या अर्जापासून निघालेला प्रवास येथे तत्त्वतः पूर्ण झाला होता, कारण दारिद्र्य सिद्ध करण्याची अट बहुसंख्य गरजवंतांपुरती निघून गेली होती.

व्यवहारात काय होते ते एका तालुक्याच्या न्यायालयात प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. पोटगीचा अर्ज करू इच्छिणारी एक शेतमजूर बाई, कडेवर मूल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत शिधापत्रिका व लग्नपत्रिका घेऊन विधी सेवा समितीच्या टेबलापाशी उभी होती. भिंतीवर 15100 या निःशुल्क क्रमांकाचा फलक होता, आणि त्याखालीच स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही असे स्वच्छ मराठीत छापलेले होते. टेबलावरील इसम सौजन्यानेच म्हणाला, “ताई, आधी उत्पन्नाचा दाखला घेऊन या, मग बघू.” बाई सेतू केंद्राकडे निघाली, तेथे रांग होती, दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल हवा होता, आणि त्या दिवसाची मजुरी बुडालीच होती. विधी स्वयंसेविका म्हणून काम करणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने तिला वाटेतच थांबवून परत आणले आणि अर्जाचा नमुना स्वतः भरून दिला, म्हणून तिचे काम झाले. कायद्याने दिलेला हक्क आणि टेबलावरची सवय यांच्यात अशी झटापट रोज होत असते. आणि या स्वयंसेवकांनी गेल्या दीड दशकात तुटपुंज्या मानधनावर जे काम केले आहे त्याची नोंद या स्मरणिकेत सन्मानाने झाली पाहिजे.

लोक अदालतीविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे, धनादेश न वटल्याची प्रकरणे, बँकांची वादपूर्व वसुली, ही तेथे झपाट्याने निकाली निघतात. भरलेली कोर्ट फी परत मिळते. निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. हे सर्व उपकारक आहे. परंतु लोक अदालतीला तडजोड घडवण्याचाच अधिकार आहे, निवाडा लादण्याचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केलेले असतानाही, निकाली प्रकरणांच्या संख्येचा हव्यास वाढला की दुर्बल पक्षावर तडजोडीचे दडपण येते, हा धोका दृष्टीआड करून चालणार नाही. विमा कंपनीशी तडजोड करणाऱ्या विधवेच्या शेजारी तिचा स्वतःचा वकील बसलेला असणे, ही तडजोडीच्या न्याय्यतेची पहिली कसोटी होय.

विधी सेवेच्या तत्त्वाची सर्वांत कठोर परीक्षा महाराष्ट्रातच झाली. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबसाठी कोणी उभे राहू नये, अशी भावना तेव्हा प्रबळ होती, आणि ज्या शहराने आपली माणसे गमावली त्या शहराचा तो संताप समजण्यासारखा होता. तरीही त्याला न्यायालयाने वकील दिला. उच्च न्यायालयात विधी सेवेमार्फत वकील नेमले गेले. आणि ज्या विधिज्ञांनी ते काम स्वीकारले त्यांनी सार्वजनिक काकांच्या व्यवसायधर्माला जागून, रोष पत्करून ते पार पाडले. 29 ऑगस्ट 2012 रोजी त्याची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने जो दंडक घातला तो यापुढील प्रत्येक गरीब आरोपीच्या उपयोगाचा आहे: दखलपात्र गुन्ह्यातील आरोपी पहिल्यांदा ज्या दंडाधिकाऱ्यापुढे आणला जातो त्यानेच त्याला सांगितले पाहिजे की वकील हा तुझा हक्क आहे आणि पैसा नसेल तर तो सरकार देईल, यात कसूर करणारा दंडाधिकारी खातेनिहाय कारवाईस पात्र ठरेल. मागणे हे आरोपीचे काम, या 1951 च्या भूमिकेपासून सांगणे हे न्यायालयाचे काम, या भूमिकेपर्यंत येण्यास एकसष्ट वर्षे गेली.

तरीही वकील देणे आणि बचाव होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मध्य प्रदेशातील खांडवा येथील अनोखीलाल याच्या खटल्यात वकील नेमला गेला त्याच दिवशी आरोप निश्चित झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती फाशीची शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवण्यास सांगितले, आणि जन्मठेप वा फाशीच्या प्रकरणांत किमान दहा वर्षांचा अनुभव असलेलाच वकील नेमावा व तयारीस किमान सात दिवस द्यावेत असा नियम केला. त्याच वर्षी, 2003 मधील नाशिक जिल्ह्यातील एका भीषण गुन्ह्यात ज्या सहा भटक्या जमातीच्या माणसांची फाशी 2009 मध्ये याच न्यायालयाने पक्की केली होती, ते सहाही जण निर्दोष ठरून सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती, आणि मधल्या काळात घरादाराची जी धूळधाण झाली ती कोणत्याही आदेशाने भरून येणारी नव्हती. ज्यांच्यापाशी जमीन नाही, गाव नाही, ओळख नाही, त्यांच्या बचावाचा कस पहिल्या न्यायालयातच लागला पाहिजे.

या उणिवेवर योजलेला नवा उपाय म्हणजे 2022 च्या योजनेतून उभी राहिलेली लोक अभिरक्षक कार्यालये. पूर्वी पॅनेलवरील वकील आपली खाजगी वकिली सांभाळून, अत्यल्प मानधनावर, विधी सेवेची प्रकरणे चालवीत. त्यांतील कित्येकांनी ती निष्ठेने चालवली, परंतु ज्या कामाला पुरेसा मोबदला नाही ते काम शेवटी मागे पडते, हे मानवी आहे. आता मुख्य, उपमुख्य व सहायक लोक अभिरक्षक पूर्णवेळ फौजदारी बचावाचेच काम करतात, खाजगी वकिली करीत नाहीत, आणि रिमांडच्या पहिल्या तारखेपासून उभे राहू शकतात. सरकारपक्षाला ज्याप्रमाणे स्थायी सरकारी वकील आहे त्याप्रमाणे गरीब आरोपीला स्थायी अभिरक्षक असावा, ही कल्पना योग्यच आहे. तिच्यातील उणीव अशी की या नेमणुका कराराच्या आहेत. होतकरू तरुण वकील येथे अनुभव मिळवतो आणि तो परिपक्व होऊ लागला की बाहेर जातो. सरकारी वकिलाच्या तोडीचे वेतन व स्थैर्य दिल्याविना हे कार्यालय टिकाऊ होणार नाही, असे मत येथे निःसंकोचपणे नोंदवावेसे वाटते.

आणि जामिनाचा प्रश्न आहेच. जामीन मंजूर होतो, परंतु जामीनदार नसतो; जामीनदार सापडला तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला नसतो; आणि अशा रीतीने न्यायालयाने सोडलेला माणूस दारिद्र्यामुळे आत राहतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते मुंबईच्या कारागृहांत अनेक वर्षे याच कच्च्या कैद्यांमध्ये काम करीत आले आहेत. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झालेल्या कैद्याची खबर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास द्यावी, आणि महिन्याच्या आत जामीन भरला न गेल्यास न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार करावा. ती खबर दर आठवड्यास सचिवांच्या टेबलावर येते की नाही, आणि आल्यावर तिचे पुढे काय होते, याची वही प्रत्येक जिल्ह्यात असावी. राष्ट्रीय लोक अदालतीत किती प्रकरणे निकाली निघाली हे वर्तमानपत्रांना कळवण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झालीच आहे. त्याच पत्रकात, गेल्या तिमाहीत किती आरोपींना पहिल्या रिमांडच्या वेळी अभिरक्षक मिळाला, आणि जामीन मंजूर होऊनही किती जण अद्याप आत आहेत, हे दोन आकडेही प्राधिकरणाने यापुढे जिल्हावार प्रसिद्ध करावेत.